सोबतीचा रकाना

यवतमाळ
८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

प्रिय शीलाताई,

सप्रेम जयभीम. उत्तमसिंग भाऊजींना नमस्कार आणि तुझ्या लेकीला, तिचं नाव मला ठाऊक नाही, पण तिलाही.

मागच्या बुधवारी मथुराबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पेशंटनं भर वर्गात मला विचारलं, "सिस्टर, तुमचं सारं खरं. पण ज्याच्या घरी कोणीच नाही, त्यानं गुडघा बदलवूच नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. आठ दिवस झाले, अजूनही येत नाही. म्हणून तुला लिहायला बसले असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही, पण सुरुवात कुठून तरी करायची.

अक्षर ओळखलंस का? साडेनऊ वर्षांत ते केसपेपर लिहून लिहून तिरकं झालं आहे. मी बी.एस्सी. नर्सिंग झाले, ताई. आपल्या घरातली पहिली पदवी. गावात सत्कार केला, विहारात फोटो काढला. फोटोत आई माझ्या डाव्या बाजूला उभी आहे आणि उजवी बाजू रिकामी आहे. फोटोवाला म्हणत होता, "मधात या, मधात या," पण आई सरकली नाही.

तुझा पत्ता मारोतीकाकांनी दिला. वणीचे आहेत, माझ्याकडे गुडघ्यासाठी येतात. त्यांचा मुलगा कोळशाच्या ट्रकवर भाऊजींच्या सोबत आहे. बोलता बोलता माझ्याकडे पाहून म्हणाले, "आमच्या उत्तमसिंगची बायको नाकावरून सेम तुमच्यासारखी दिसते सिस्टर." मी तेव्हा त्यांचा बीपी घेत होते. आकडा चुकला, पुन्हा घ्यावा लागला. वणी म्हणजे आपल्या गावाहून दोन तास. मी तुला कुठे कुठे कल्पत होते, आदिलाबाद, हैदराबाद, आणि तू दोन तासांवर होतीस.

त्यांनी नंबरही दिला. एकदा लावला होता. तू "हॅलो, कोन?" म्हणालीस आणि मी फोन ठेवला. मागे कुकरची शिटी वाजत होती. तो राँग नंबर माझा होता.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ज्यांचा गुडघा किंवा खुबा बदलायचा आहे, त्यांची तयारी माझ्याकडे असते. ऑपरेशन डॉक्टर सलील सर करतात, दीड तासाचं काम. त्याआधीचा महिना माझा. दर बुधवारी अकरा वाजता ओपीडीच्या मागच्या खोलीत वर्ग भरतो. माझ्याकडे प्लॅस्टिकचा एक गुडघा आहे, तो आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून नेते. मग एकेक सांगत जाते. दात किडला असेल तर आधी दाखवा. साखर आटोक्यात आणा. पायाच्या चामडीला साधी चिरसुद्धा नको, जखम दिसली की तारीख पुढे जाते. पलंगाच्या पायांखाली विटा लावून तो उंच करा, संडासासाठी खुर्ची आणा, घरात कोंबड्या-बकऱ्या पायात येतील तर बाहेर बांधा. वॉकर आत्ताच आणा आणि आत्ताच शिका. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे मी सगळ्यांकडून पाढ्यासारखं म्हणून घेते.

तंबाखूचा खर्रा बंद करा म्हटलं तर मारोतीकाका म्हणतात, "मी तोंडानं खातो सिस्टर, गुडघ्यानं नाही." सगळा वर्ग हसला. जखम का भरत नाही ते मी पुन्हा समजावलं. त्यावर ते म्हणाले, "मंग अर्धा चालंन का?"

पहिले तीन दिवस किती दुखेल, तेही मी सांगते. आमच्या इन्चार्ज शोभाताई चिडतात. "इतकं खरं सांगू नको, पळून जातील पेशंट." पण माझा यावर विश्वास आहे. ज्याला आधी सगळं सांगितलं, तो कमी घाबरतो, हे मी तीन वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक नियम मीच घातला आहे. फॉर्मवर शेवटी एक रकाना आहे, "सोबती". ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी कोण राहणार, त्याचं नाव आणि सही. सही नाही तर तारीख नाही. एक आजोबा एकटेच घरी गेले होते, न्हाणीत पडले, नवा सांधा आणि मांडीचं हाड दोन्ही गेलं. तेव्हापासून हा नियम. याच नियमानं मथुराबाईंना मी दोनदा परत पाठवलं आहे. आर्णीच्या पलीकडून दोन बस बदलून येतात त्या.

आता आई. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत, उजवा जास्त. शाळेत उकिडवं बसून एकवीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली, ते सारं तिथे साचलं. यंदा दसऱ्याला ती दीक्षाभूमीला जाऊ शकली नाही. कोरोनाची वर्षं सोडली तर माझ्या आठवणीत पहिल्यांदा. गावातली गाडी गेली आणि ती दारात खाटेवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चाल, तुह्या दवाखान्यात."

तर आज आई माझ्या वर्गात होती. सोळा जणांत एक. मी मुद्दाम तिला "नंदाबाई" म्हटलं, इतरांसारखंच. रांगेनं विचारत होते, सोबत कोण राहणार? कोणाची सून, कोणाचा नवरा. तिची पाळी आली. ती अगदी सरळ बसून म्हणाली, "माही मोठी पोरगी हाय. शीला. थे राहीन."

माझा पेन थांबला.

मारोतीकाका म्हणाले, "पोरगी हाय म्हणजे मंग टेन्शनच नाही तुमाले."

"हो ना," आई म्हणाली. "लय कामाची हाय माही शीला."

सोळा जणांसमोर मी काय करणार होते? मी तुझं नाव लिहिलं. सहीची जागा कोरी ठेवली. आणि सलील सरांकडून तारीख घेतली, सहा नोव्हेंबर. मथुराबाई तिथेच बाकावर बसून होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी आईवर चिडले. ती म्हणाली, "तूच तं म्हणते, नाव पायजे म्हणून. मंग देल्लं नाव." बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "येईन का वं थे?"

तू ये, ताई. तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही, ते तुमच्या दोघींतलं आहे. जुनं काढायचं नाही. फक्त ये. मला अजून तुझी सायकल आठवते. तू पुढे, मी कॅरिअरवर, शाळेपर्यंत चार किलोमीटर. मी तुझ्या पाठीवर बोटानं आकडे लिहायची आणि तू पायडल मारता मारता ओरडून सांगायचीस, "छप्पन! सत्तर! हे काय लिवलं वं, गुदगुल्या होते!" तू स्वतः नववीत शाळा सोडली होतीस, आणि मला मात्र रोज पोचवायचीस.

खाली माझा नंबर आहे.

कॅरिअरवरची,
आभा


यवतमाळ
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझा मेसेज मिळाला. एकच ओळ. "आईले म्हणा, मी चार वाजेलोक बसली होती."

चार वाजेपर्यंत. मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगत नाही. आईला दाखवला नाही. ऑपरेशनच्या तोंडावर मनाला त्रास नको, बीपी वाढतो, असं मी स्वतःला समजावलं. मारोतीकाकांकडून कळलं होतं तेवढंच तिला सांगितलं, की तू वणीला आहेस, बरी आहेस, तुला सात वर्षांची लेक आहे. ती म्हणाली, "सात? मंग दुसरीत असंन." आणि बोटं मोजत बसली. नंतर विचारलं, "थे आपल्या मायले आई म्हणत असंन का याडी?" तांड्यात आईला याडी म्हणतात हे तिला ठाऊक आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

उद्या ऑपरेशन होतं. आता नाही. आज तिला भरती करून घेतलं आणि पाय तपासायला मीच पातळ वर सारलं. उजव्या गुडघ्यावर दोन काळे गोल डाग, आजूबाजूला फोड, एक फुटलेला. बिबा लावला होता तिनं. सुईवर धरून दिव्यावर तापवायचा आणि त्याचं तेल चामडीवर टेकवायचं, आपली आजी करायची तसं.

मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. "काहून केलं असं? मी काय शिकवते बुधवारी? इथं आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला बिबा लावू नका म्हणून, आणि माझीच आई?"

"दुखे लय," एवढंच म्हणाली.

सलील सरांनी पाहिलं आणि तारीख रद्द केली. जखम पूर्ण सुकेपर्यंत गुडघ्याला हात लावणार नाहीत, आत जंतू गेला तर नवा सांधा काढून टाकावा लागतो. बरोबरच आहे. माझ्याच वर्गातलं वाक्य आहे ते.

संध्याकाळी तिला माझ्या खोलीवर आणलं. ड्रेसिंग करताना ती हळूच म्हणाली, "तूच सांगतलं होतं. चामडीले जखम दिसली का डॉक्टर तारीख पुढं ढकलते."

मी हातातला चिमटा ठेवला. "म्हणजे मुद्दाम?"

"मंग काय करू? तू तारीख घेतली लवकरची. शीलाले याले टाइम तं लागन. लेकराची साळा हाय. नवऱ्याचा डबा हाय. एका दिवसात येईन का थे सारं सोडून?"

ताई, माझ्या वर्गात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. मी जे जे करू नका म्हणून सांगितलं, त्यातून तिनं तुझ्यासाठी महिनाभर मिळवला. स्वतःची चामडी जाळून.

मी तिच्याशी खोटं बोलत नाही. फक्त सांगत नाही. यात फरक आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलं आहे.

पुढचं आज लिहिता येत नाही.

आभा


यवतमाळ
३० नोव्हेंबर २०२५, रविवार

ताई,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाच, मग फाडलंस तरी चालेल.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तो दिवस तुमच्या दोघींतला आहे. तो दोघींतला नव्हता. मधे मी होते.

मार्च महिना होता, माझी दहावी. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर. सकाळी बोअरवर पाणी भरताना तू मला बाजूला घेतलंस. तुझे शब्द मला जसेच्या तसे येतात. "आईले सांग, मी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर चार वाजेलोक बसते. थे आली तं मी तिच्यासंगं घरी येते, उत्तमसिंगले बी आणते, तिच्याच हातानं लगन करते. नाही आली तं मी समजते." मग तू माझी वेणी मागे टाकलीस, म्हणालीस, "दुपारी सांग, साळेत जाऊन. घरी सांगशीन तं काका आयकन." आणि तू गेलीस.

मी दुपारी आईच्या शाळेत गेले. आई चुलीपुढे होती, खिचडीच्या मोठ्या गंजात कवचा फिरवत होती. घामानं डोळे किलकिले झाले होते तिचे. मला पाहून म्हणाली, "काय वं आभी?"

मी म्हणाले, "काही नाही. पेन पायजे होता."

ताई, ती आली नाही असं तुला साडेनऊ वर्षं वाटतं आहे. तिला कळलंच नव्हतं. मी सांगितलंच नाही.

का, ते लिहिते. आठ दिवस आधी आपल्या सख्ख्या काकांना, ज्यांच्या शब्दावर तेव्हा घर चालायचं, तुमच्या दोघांचं कळलं तेव्हा ते अंगणात म्हणाले होते, एक पोरगी हातची गेली तर दुसरीचीही शाळा बंद, आणि आई गप्प राहिली होती. मला वाटलं, मी सांगितलं की ती धावत जाईल, तुला घेऊन येईल, गावात बोभाटा होईल आणि उद्याचा पेपर जाईल. तुलाच मारतील, म्हणून मी वाचवलं, असंही मी पुढे स्वतःला सांगत राहिले. ते नंतर जुळवलेलं आहे. त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त पेपर होता. चार वाजता मी वर्तुळावरचं प्रमेय पाठ करत होते. घड्याळ समोर होतं.

भूमितीत मला चाळीसपैकी सदतीस मिळाले.

सांगू सांगू म्हणेपर्यंत आठवडा गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही म्हणतील. मग बारावी, मग नागपूरला कॉलेज. आई म्हणायची, "एका शब्दानं बोलली नाही मले. निदान तोंड दाखवून जाती." आणि मी ताटावरून उठायची. लोकांना सगळं आधी सांगायचं, काही लपवायचं नाही, असं मी दर बुधवारी इतक्या जोरात का सांगते, ते तुला आता कळेल. शोभाताईंना कळत नाही.

दहा नोव्हेंबरला मी आईला सांगितलं. ड्रेसिंग करता करताच. ती पाय माझ्या मांडीवर ठेवून बसली होती, म्हणून तिला उठून जाता आलं नाही, आणि मलाही. तुझा मेसेज वाचून दाखवला. मग बोअरवरचं सांगितलं, मग पेन.

पट्टी बांधून झाली तरी तिनं पाय काढला नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुले पेन देल्ला होता. पदराच्या गाठीतून पाच रुपये सोडून. आणि तू उभीच होती. मले वाटलं, पेपराचं भेव हाय पोरीले."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. अठरा दिवस. रोज ड्रेसिंगच्या वेळी पाय पुढे करायची, झालं की मागे घ्यायची. भाकरी माझ्यासाठी टाकायची, वाढायची नाही. मथुराबाई तिला भेटायला दोनदा आल्या, वर्गात ओळख झाली होती. त्यांच्याशी ती तासभर बोलायची. मी आले की दोघी गप्प. मला वाटायचं, मथुराबाईंना ती सांगत असेल, ही माझी शिकलेली पोरगी, हिनं काय केलं ते पाहा. सांगितलं असेल तर बरंच झालं.

जखम सुकली. कोवळी गुलाबी चामडी आली. परवा, शुक्रवारी सकाळी मी ड्युटीला निघाले तर आई पांढरं पातळ नेसून, वॉकर धरून दारात उभी.

"रजा टाक," म्हणाली. अठरा दिवसांतले पहिले शब्द. "पांढरकवड्याले जाचं हाय."

मी का म्हणून विचारलं नाही.

एसटीच्या पायऱ्या तू पाहिल्यास ना, पहिलीच केवढी उंच असते. कंडक्टर म्हणाला, "आजी, कायले त्रास घेता, पुढच्या गाडीनं या." आई दांडी धरून स्वतःशीच म्हणाली, "चढताना चांगला आधी." डावा पाय टाकला. मग उजवा ओढून घेतला. तीन पायऱ्यांना तीनदा तेच म्हणाली. मागची माणसं ओरडायच्या बेतात होती, पण ओरडली नाहीत. पांढरकवड्याला उतरताना म्हणाली, "आता दुखरा आधी." मी खाली हात धरायला उभी होते. तिनं माझा हात घेतला नाही, दांडीच धरली.

अकरा वाजले होते. तिनं विचारलं, "कोणत्या बाकावर बसली होती थे?"

"मला ठाऊक नाही, आई."

तिनं स्टँड नजरेनं पाहून घेतला. मग म्हणाली, "वणीची गाडी जिथं लागते तिथंच बसली असंन." आणि तिथे जाऊन बसली. मी तिच्याजवळ बसले. वॉकर समोर.

आम्ही चार वाजेपर्यंत बसलो, ताई. तिनं चहा घेतला नाही. मी आणलेला डबा उघडला नाही. वणीच्या गाड्या येत होत्या आणि जात होत्या. दर गाडीला ती उतरणारी माणसं पाहायची, शेवटचं माणूस उतरेपर्यंत. तुला कळवलं नव्हतं, तू येणार नव्हतीस, हे तिला ठाऊक होतं. तरी पाहायची.

दोनच्या सुमारास एकदम म्हणाली, "तो पोरगा बी बसला असंन तिच्यासंगं."

"हो."

"डायव्हर माणूस. डायव्हरले कुठं दम असते. तरी चार वाजेलोक थांबला." थोड्या वेळानं पुन्हा, "मी त्याले लय बोलली होती."

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुले काय वाटलं होतं वं? मी शिलीले आणाले गेली असती आणि तुही साळा बंद केली असती?"

मी मान हलवली.

"काका बोलला तवा मी गप्प राह्यली, हे चुकलं माहं. पण तुले इचारता आलं असतं ना मले. चुलीपुढं उभं राहून इचाराचं. मी दोघीयले ठेवलं असतं वं आभी. दोघीयलेही."

एवढंच. ना रागावली, ना जवळ घेतलं. "आभी" मात्र म्हणाली.

चार वाजले. स्टँडवरच्या घड्याळावर तिचा भरवसा नव्हता, माझ्या मोबाइलमध्ये पाहायला लावलं. चारला दोन मिनिटं कमी होती, ती दोन मिनिटंही बसली. मग वॉकरवर जोर देऊन उठली, मी वर्गात शिकवते अगदी तशी, आधी पुढे सरकून, हात टेकवून. आणि म्हणाली, "चाल. आता तिले लिव. आई आली होती म्हणा. उशीर झाला, पण चार वाजेलोक बसली होती म्हणा."

हा तिचा निरोप आहे. या वेळी मी तो पोचवते आहे.

आता बाकीचं. ऑपरेशन अकरा डिसेंबरला आहे. सहा डिसेंबर होऊन जाऊ दे, असं आईच म्हणाली. विहारात खुर्चीवर बसून वंदना म्हणावी लागेल, मांडी घालता येणार नाही, याचं तिला वाईट वाटतं. मी म्हणाले, खुर्चीवर बसलं तरी वंदना पोचते. ती म्हणाली, "तुले काय ठाऊक, तू कधी येते?"

मथुराबाई आणि आई काय बोलत होत्या तेही कळलं. काल दोघींनी मला समोर बसवून सांगितलं. पहिले तीन आठवडे मी रजा घ्यायची. पुढचे तीन मथुराबाई आपल्या गावी येऊन राहणार. मार्चमध्ये मथुराबाईंचा गुडघा, तेव्हा आई नव्या पायानं तिकडे जाणार. "तुमच्या कागदावर पोरगी, सून, नवरा एवढंच लिवलं हाय का सिस्टर?" मथुराबाईंनी विचारलं. "का दुसऱ्या गुडघेवालीले बी चालते?" असं काही असू शकतं हे तीन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी त्यांचा पहिला प्रश्न आहे तिथेच आहे. ज्याला मथुराबाईही नाही, त्यानं काय करायचं?

काल संध्याकाळी मी आईचा फॉर्म काढला. सोबतीच्या रकान्यात माझ्याच हातचं तुझं नाव होतं आणि पुढे कोरी जागा. मी त्यावर एक रेघ मारली. खाली माझं नाव लिहिलं, त्याखाली मथुराबाईंचं. मी सही केली, त्यांनी अंगठा दिला. आईला दाखवलं. तिनं रेघेखालचं तुझं नाव बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "दिसते अजून. राहू दे."

तेव्हा तुला कामासाठी यायचं नाही. तारीख तुझ्यासाठी थांबलेली नाही, आईनं आता दुसरा गुडघाही जाळायचा नाही. पलंगाला विटा लावून झाल्या आहेत. तू मला माफ करावंस म्हणूनही लिहिलं नाही. तुला खरं काय ते ठाऊक असायला हवं होतं, त्याच दिवशी, चारच्या आधी.

हे पत्र मी आज लिहिलं, आईला वाचून दाखवलं, आणि तिच्या सांगण्यावरून पाकिटावर उत्तमसिंग भाऊजींचं नाव तुझ्या नावाच्या आधी घातलं. उद्या सकाळी पोस्टात टाकेन असं लिहिणार होते, पण उद्यावर माझा भरवसा नाही. म्हणून मारोतीकाकांना फोन केला. ते आज वणीला परत चालले आहेत. खाली रिक्षात बसून आहेत, हॉर्न वाजवत आहेत. ही ओळ संपली की पाकीट त्यांच्या हातात.

तुझा निरोप पोचवलेली,
आभी

ता. क. मारोतीकाका वर आले, म्हणून एवढं लिहिते. आईनं दारातूनच त्यांना बजावलं, "पोरीच्या हातातच द्या जी. मधात कोणाजवळ ठेवू नका." मी आता पाकीट देते.